नसीम बाई आणि सुटलेले पेशंट

नसीम बाई आमच्या दवाखान्यात रुजू झाल्या, त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी व्हाइटनरच्या बाटल्या गोळा केल्या. प्रत्येक टेबलाशी जाऊन, ड्रॉवर उघडायला लावून, सापडतील तेवढ्या बाटल्या त्यांनी आपल्या कापडी पिशवीत टाकल्या. मग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "चुकलं त एक आडवी रेघ मारा, बाजूले बरोबर लिवा आन् सही करा. खालचं चुकलेलं दिसलं पाहिजे." एवढं बोलून त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला आणि आम्ही भरलेल्या फॉर्मचा पहिला गठ्ठा पुढे ओढला.

मी तेव्हा नुकतीच फिजिओथेरपिस्ट झाले होते. चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात डॉक्टर देवगडे लकव्याच्या पेशंटवर एक अभ्यास करत होते. सिंदेवाहीकडून, जिवतीच्या डोंगरातून, पार अहेरीपासून पेशंट येत. पाच-सात दिवस भरती राहत आणि लुळा हात, ओढता पाय घेऊन घरी जात. पुन्हा व्यायामाला यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, सोबत एक माणूस आणायचा, त्याची मजुरी बुडवायची. बहुतेक जण येतच नसत. म्हणून डॉक्टरांच्या मनात होतं की, आपणच गावात जाऊन पेशंटच्या बायकोला, सुनेला, भावाला व्यायाम शिकवावा आणि त्यांनी तो घरी रोज करून घ्यावा. याने पेशंट स्वतःच्या हाताने जेवायला, आंघोळ करायला, चालायला लागतो का, हे पाहायचं होतं. निम्म्या पेशंटना असं घरी शिकवायचं आणि निम्म्यांना नेहमीसारखा सल्ला देऊन घरी पाठवायचं. कोण कुठल्या गटात जाणार, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार.

डॉक्टर मनाने फार चांगला माणूस. त्यांचे स्वतःचे वडील सात वर्षं खाटेवर पडून गेले होते. ही योजना आसपासच्या गावागावांत न्यायची, हे त्यांचं स्वप्न होतं. या सगळ्याची आकडेमोड सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. तशी माणसं नागपूरच्या अलीकडे मिळत नाहीत. कुणीतरी नसीम बाईंचं नाव सुचवलं. सिंदेवाहीला धानाच्या संशोधनात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्त होऊन त्या चंद्रपूरला भावाच्या घराजवळ खोली घेऊन राहत होत्या. "मी माणसाईचं कधी केलं नाई, धानाचं केलं," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, गणित तेच असतं. बाई म्हणाल्या, "पाहू."

उंचीने लहानशा, सुती साडीचा पदर डोक्यावरून घेतलेल्या, चालण्यात भलत्याच चपळ. डब्यात रोज भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. जेवताना कामाचं बोलायच्या नाहीत आणि काम करताना दुसरं काही बोलायच्या नाहीत. "साधारण" हा शब्द त्यांना सहन होत नसे. "बाई, साधारण सगळे पेशंट आले," असं मी एकदा म्हटलं, तर त्यांनी मान वर न करता विचारलं, "साधारण म्हणजे, कोण नाई आलं?"

आणखी एक गोष्ट मला सुरुवातीला खटकायची. पेशंटचं नाव त्या ऐकूनच घेत नसत. मी गावाहून आले की मला कितीतरी सांगायचं असे. अमुक आजोबांनी आज स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला धरला, तमक्या बाईचा नवरा तिची वेणी घालून देतो. त्या हात वर करून थांबवायच्या. "मले नाव नको सांगू वर्षा. नंबर सांग. नाव आइकलं की माणूस आवडते, आन् आवडलं की पेन तिकडं झुकते."

अभ्यास सुरू व्हायच्या आधी त्यांनी एक कागद लिहिला. शेवटी आपण काय पाहणार, ते त्यात होतं. सहा महिन्यांनी पेशंट रोजची कामं स्वतः किती करतो, हे मुख्य. बाकीची मोजमापं त्याच्या नंतर. जे मधेच सोडून जातील, त्यांना आकडेमोडीतून वगळायचं नाही. मोजायला जाईल त्याला पेशंट कुठल्या गटातला हे कळू द्यायचं नाही. डॉक्टरांना हे जरा जास्तच वाटलं. सोडून गेलेल्यांना कशाला धरायचं, त्यांनी तर उपचारच घेतला नाही, असं ते म्हणाले. तेव्हा बाईंनी त्यांना धानाची गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी नव्या वाणाच्या काही बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, पुरात बुडाल्या. वरिष्ठांनी त्या बांध्या काढून उरलेल्यांचं उत्पन्न काढलं. वाण फार छान दिसलं. पुढच्या वर्षी ते लोकांच्या शेतात गेलं आणि पाण्यात उभंच राहिलं नाही. "बुडालेली बांधी त्या वाणाचीच होती न साहेब," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी सही केली. तो कागद पाकिटात घालून दवाखान्याच्या औषधवाल्यांच्या कपाटात कुलपात ठेवला गेला.

पेशंट घेणं निम्म्यावर आलं असेल, तेव्हा बाईंच्या भावाला लकवा झाला.

सलीमभाऊ त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवायचं त्यांचं दुकान वडिलांपासूनचं. वडिलांचे डोळे अधू झाले तेव्हा घरातल्या एकानेच शिकायचं असं ठरलं, आणि सलीमभाऊंनी शाळा सोडून हातोडा धरला. म्हणून बाई नागपूरला जाऊन शिकल्या. हे मला भाभींनी, सलीमभाऊंच्या बायकोने, सांगितलं. बाईंनी स्वतः कधी काढलं नाही. त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्यांना हाच एक भाऊ होता, आणि आता त्याचा उजवा हात गेला होता. हातोड्याचा हात.

डॉक्टर स्वतः वॉर्डात आले. म्हणाले, सलीमभाऊंना अभ्यासात घेऊच नका, वर्षा सरळ घरी जाऊन शिकवेल. बाईंनी भावालाच विचारायला सांगितलं. मी त्यांना सगळं समजावलं, पाकीट, चिठ्ठी, दोन गट. जड जिभेने ते जे बोलले, त्याचा अर्थ असा होता की, बहिणीने एवढं मांडलं आहे, तर मीही सगळ्यांसारखाच. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. पाकीट मी उघडलं. बाई तेव्हा वॉर्डाबाहेर उभ्या होत्या. चिठ्ठी नेहमीच्या सल्ल्याची निघाली.

त्या दुपारी भाभी व्हरांड्यात बाईंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपा, आप के हाथ में था." आवाज चढलेला नव्हता. पण त्यानंतर त्या बाईंशी बोलल्या नाहीत. बाई रोज संध्याकाळी भावाजवळ जाऊन बसत आणि भाभी आत निघून जात.

मला ते बघवेना. एक दिवस दार लोटून मी बाईंना म्हटलं, मी एक दुपार घरी येते, भाभींना सगळं शिकवते, कुणाला कळणार नाही. बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, रागावतील. त्यांनी हळूच विचारलं, "तू शिकवशील. आन् मंग फॉर्मवर काय लिवशील?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "आपल्याले माहीत नाई वर्षा, हे शिकवल्यानं बरं होते का. माहीत असतं त पाकिटं काऊन केली असती?" आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

आठवड्याभरात त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, एका पेशंटचा गट आता मला माहीत आहे, त्यामुळे माझ्या एकटीच्या आकडेमोडीवर विसंबू नका. शेती कॉलेजात शिकवणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याला त्यांनी गळ घातली. शेवटी त्याने सगळं पहिल्यापासून वेगळं करायचं आणि दोन्ही उत्तरं जुळवून पाहायची, असं ठरलं.

वर्ष गेलं. सहा महिन्यांची मोजणी संपत आली, तेव्हा जे सापडले नव्हते त्यांची यादी बाईंनी माझ्यापुढे ठेवली. यादी लहान होती. नंबरांपुढे "संपर्क नाही" असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती.

"गेले ते कुठी गेले?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, फोन बंद आहेत, घराला कुलूप होतं, शेजाऱ्यांना माहीत नाही. बाई म्हणाल्या, उद्या सकाळची बस पकडू.

पहिलंच गाव सिंदेवाहीच्या पलीकडचं, मोठ्या तलावाकाठचं. मारोती शेंडे हा तिथला पेशंट. तलावात मासे धरायचा आणि उरलेल्या दिवसांत मजुरीला जायचा. घरी व्यायाम शिकवायच्या गटातला होता. त्याच्या बायकोला, शेवंताबाईंना, मीच शिकवलं होतं. फार मन लावून शिकल्या होत्या. मी सांगितलेला प्रत्येक व्यायाम त्यांनी मला दोनदा करून दाखवला होता.

त्या अंगणात जाळं शिवत बसल्या होत्या. मला ओळखलं, उठल्या, पाणी दिलं. मारोतीभाऊ कुठे आहेत, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी हातातली सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग सांगितलं. रोज थोडं जास्त चालवा, असं मी सांगितलं होतं. अंगण झालं, गल्ली झाली, मग त्या त्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेऊ लागल्या, कारण त्याला तिथे जावंसं वाटे. पाळीवर पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. मग तो उठलाच नाही. दीड महिन्यात गेला. कुलूप होतं तेव्हा त्या माहेरी होत्या.

"आम्हांले कळवलं काऊन नाई?" मी विचारलं.

शेवंताबाई म्हणाल्या, "तुमाले वाईट वाटलं असतं बाई. तुमी त एवढं लेकीवानी शिकवलं."

मला समोरचं दिसेना. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग त्या शेवंताबाईंच्या शेजारी मातीत बसल्या. मारोती कसा होता, कुठले मासे धरायचा, पाळीवर बसून काय बोलायचा, हे सगळं विचारून घेतलं. पेशंटचं नाव एवढ्या वेळा तोंडात घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. निघताना त्यांनी शेवंताबाईंना विचारलं की, हे आमच्या कागदात लिहिलं तर चालेल का. शेवंताबाई म्हणाल्या, "लिवा. दुसऱ्या बाईले त माहीत पडन."

बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "आपल्या फॉर्मवर पडल्याचा रकानाच नाई. तो मीच ठेवला नाई."

दुसऱ्या दिवसापासून यादीतल्या बाकीच्यांचा शोध सुरू झाला, आणि प्रत्येक पेशंटच्या घरी पुन्हा जाणंही. या काळात पडलात का, कुठे पडलात, काय लागलं, हे विचारायला. दोन्ही गटांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारायचे, असा बाईंचा हट्ट होता. त्यासाठी गट माहीत नसलेल्या, मोजणाऱ्या माणसांनाच पाठवलं, मला नाही. उत्तरं गोळा झाली. पडलेले लोक आम्ही शिकवलेल्या गटात जास्त होते.

आणि मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं सगळं केलं होतं, तिच्यात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. शेती कॉलेजातल्या सरांचंही उत्तर तेच आलं. मधल्या काळातल्या एका मोजणीत हाताची पकड आमच्या गटाची थोडी बरी दिसत होती. सहा महिन्यांनी तेही उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. अहवालाचा त्यांनी केलेला मसुदा टेबलावर होता. त्यात हाताची पकड सगळ्यात वर होती. सोडून गेलेले वगळलेले होते. पडण्याचा उल्लेख एका ओळीत, घरगुती अपघात म्हणून. बाईंनी मसुदा सावकाश वाचला. मग औषधवाल्यांच्या कपाटातलं ते जुनं पाकीट मागवलं, कागद काढून डॉक्टरांच्या सहीची बाजू त्यांच्यापुढे ठेवली.

डॉक्टर म्हणाले, असा अहवाल गेला तर ही योजना इथेच मरेल आणि गावातला पेशंट पुन्हा खाटेवर एकटा पडेल. ते खरंच कळवळून बोलत होते. बाई ऐकत राहिल्या. मग डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला फरक नकोच होता नसीम बाई. फरक निघाला असता, तर भावाचं नुकसान तुमच्या माथी आलं असतं."

मला वाटलं, बाई उठून जातील. त्या बसून राहिल्या. म्हणाल्या, "खरं आहे साहेब. उत्तर आलं तवा मी सुटली असं मले वाटलं. म्हणूनच त मी दुसऱ्याकडून करून घेतलं. माझ्यावर भरोसा नका ठेऊ. कागदावर ठेवा." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "आणखी एक. या आकड्याईचं काम करणाऱ्या बाईचा भाऊ या अभ्यासात होता, हे बी अहवालात लिवा."

त्या दिवशी काही ठरलं नाही. दोन-तीन आठवडे मसुदा तसाच पडून राहिला आणि दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत राहिले. मग एका रविवारी डॉक्टरांनी माझ्याकडून शेवंताबाईंच्या गावाचा रस्ता विचारून घेतला आणि एकटेच गाडी घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सोमवारी त्यांनी बाईंना म्हटलं, तुम्ही लिहा, मी सही करतो.

अहवाल बाईंनी लिहिला. किती घेतले, किती गेले, प्रत्येक जण कुठे गेला. मुख्य गोष्टीत फरक नाही, हे पहिल्याच परिच्छेदात. पडलेल्यांचा तक्ता वेगळा, आणि तो रकाना आधी ठेवला नव्हता, ती चूक कुणाची, तेही. भावाबद्दलचं वाक्य शेवटी. असा अहवाल छापायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं. दोन ठिकाणांहून परत आला, तिसऱ्याने घेतला. काही महिन्यांनी दूरच्या कुठल्या डोंगरी भागातल्या एका डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. त्याही असंच काही सुरू करणार होत्या. पडण्याचा तक्ता वाचून त्यांनी घराबाहेर चालवण्याचा भाग बदलला होता. मी ते पत्र बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "त्यायनं आधी कागद लिवून ठेवला का?" पत्रात तसं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, कळव त्यांना.

पुढे मला नागपूरला नोकरी लागली. बाई गेल्याचं मला फोनवर कळलं, भाभींकडून. झोपेतच गेल्या, म्हणाल्या. वॉर्डातल्या त्या दिवसांबद्दल मी भाभींना काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सलीमभाऊंना आम्ही शिकवलं असतं, तर ते बरे झाले असते का? गटांचं उत्तर मला माहीत आहे. एका माणसाचं उत्तर त्यातून निघत नाही, हे बाईंनीच मला शिकवलं होतं. त्यांनी ते स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, कोण जाणे.

नागपूरला जाण्याआधी मी त्यांचा निरोप घ्यायला गेले होते, तेच शेवटचं. त्यांची खोली बंद होती, म्हणून सलीमभाऊंच्या घरी गेले. दुपार कलली होती. दुकानाच्या पुढे फळी टाकून सलीमभाऊ बसले होते आणि बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसून त्यांची आखडलेली बोटं एकेक करून उघडत होत्या. अंगठा, तर्जनी, मधलं. शेवटपर्यंत जायचं, थोडं धरायचं, सोडायचं. अगदी मी गावोगावी शिकवायची तसं. फॉर्म वाचून वाचून शिकल्या असणार.

अभ्यास कधीचाच संपला होता. त्याचं उत्तर त्यांच्याइतकं नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. मी उभी आहे हे त्यांना दिसलं, पण त्या थांबल्या नाहीत.

"फरक पडत नाई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पण त्याले बरं वाटते."

आतून भाभी चहा घेऊन आल्या. एक कप माझ्या हातात दिला, एक सलीमभाऊंपाशी ठेवला. तिसरा कप त्यांनी वाकून बाईंच्या शेजारी ठेवला आणि काही न बोलता तिथेच, उंबऱ्यावर बसल्या. बाईंनी करंगळी उघडली आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.